बिननावाच्या तारा

१

इन्स्पेक्टर रोसिलिन कुरियाकोसकडे आजवर चोरीच्या नाना तऱ्हेच्या तक्रारी आल्या होत्या. नारळ गेले, होडीचं इंजिन गेलं, एकदा तर उत्सवासाठी भाड्यानं आणलेला हत्तीच गेला आणि तो शेजारच्या गावच्या उत्सवात मिरवताना सापडला. पण लेबलं चोरीला गेली म्हणून कुणी पोलिसांना बोलावल्याचं तिला आठवत नव्हतं.

"लेबलं म्हणजे लोणच्याच्या बाटलीवर असतात तसली?" जीप चालवता चालवता हवालदार सुगुणननं विचारलं.

"तसलीच. पण कलेक्टरसाहेबांनी स्वतः फोन केलाय. म्हणजे लोणच्याची नसावीत."

'तीरनाद' कंपनीचं केंद्र आलप्पुळाच्या एका कालव्याकाठी, काथ्याच्या जुन्या गोदामात होतं. बाहेरून अजून गोदामच वाटायचं; कौलं, शेवाळलेली भिंत, दारात पडलेल्या झावळ्या. आतलं दार उघडलं आणि थंड हवेचा झोत तोंडावर आला. रोसिलिन उंबऱ्यातच थांबली.

समोर उंच लोखंडी घोड्यांच्या, म्हणजे तारा टांगायच्या चौकटींच्या, रांगाच रांगा होत्या, आणि त्यांवरून पिवळ्या बारीक तारा खाली उतरल्या होत्या. पिकलेल्या भातासारख्या दाट. शेवयांएवढी जाड एकेक तार, आणि अशा किती, ते मोजायचा विचारसुद्धा मनात येऊ नये.

"हात लावू नका हं, मॅडम." डोक्यावरची ओढणी सारखी करत एक बाई पुढे आली. ही शाहिदा, इथली तंत्रज्ञ. आज सोमवारी सकाळी कुलूप उघडणारी पहिली. "यातली एकेक तार म्हणजे एकेक लाइन. कुठली बँकेची, कुठली रेल्वेच्या सिग्नलची, कुठली हॉस्पिटलची. प्रत्येकीच्या गळ्यात नावाची पट्टी होती. शनिवारी मी दार लावून गेले तेव्हा होती. आज एकही नाही."

"मग अडलं कुठे? लाइनी चालू आहेत ना?"

"चालू आहेत. पण आता एखादी बंद पडली तर यातली ती कुठली, हे कसं ओळखायचं? जत्रेत पोर हरवलं आणि त्याला स्वतःचं नावही सांगता येत नाही, तशी गत झालीये."

"आणि यात दोन लाइनी पुन्नक्कडवू बंदराच्या आहेत," मागून खालच्या आवाजात कुणीतरी म्हणालं. कपाळाला चंदनाचं बोट, शर्टाची सगळी बटणं लावलेली, काटकुळा माणूस. केंद्राचे प्रमुख दिवाकर पणिक्कर. "वादळाचा इशारा आला की त्या लाइनींवरून बंदराचा भोंगा वाजतो. लक्षद्वीपकडे कमी दाबाचा पट्टा तयार झालाय, वाचलंच असेल तुम्ही."

रोसिलिननं एका तारेजवळ तोंड नेलं. पट्टी होती तिथे गोंदाचा मागमूसही नव्हता. हॉस्पिटलात येतो तसला स्पिरिटचा वास तेवढा येत होता.

"चोरानं पुसून घेतलंय," ती चकित होऊन म्हणाली. "प्रत्येक तार?"

"प्रत्येक." शाहिदानं भिंतीवरच्या दिव्यांच्या फळीकडे बोट दाखवलं. "आणि ऐका. एखादी तार नुसती वाकडी झाली तरी इथं लाल दिवा लागतो आणि तो लागल्याचं यंत्राच्या लक्षात राहतं. काल रविवारभर एकदाही लागला नाही. एवढ्या गर्दीतून एवढ्या पट्ट्या काढल्या, पण एक तार दुखावली नाही." ती जरा थांबली. "मॅडम, माझं अर्धं आयुष्य या हॉलमध्ये गेलंय. मला हे जमलं नसतं."

२

दार फोडलेलं नव्हतं. किल्ल्या तिघांकडे होत्या. पणिक्कर, शाहिदा आणि जमिनीखालून तारा टाकणारे, त्यांची देखभाल करणारे कंत्राटदार वर्कीचन.

शाहिदा रविवारी कायंकुळमला मामेबहिणीच्या निकाहात होती. "तीनशे माणसांनी मला बिर्याणी वाढताना बघितलंय," ती म्हणाली. "त्यातल्या निम्म्यांनी मटण कमी पडलं म्हणून शिव्याही दिल्यात. विसरणार नाहीत."

रोसिलिनला हसू आलं. "बरं, मला हे नावांचं प्रकरण समजावून सांग. पहिलीतल्या पोराला सांगतेस असं समज."

शाहिदानं टेबलावरची कोरी पट्टी घेतली आणि पेनानं अक्षरं लिहीत गेली. "आधी लाइन निघते कुठून ते. मग पोचते कुठं ते. मग तिचं काम. मग त्या कामातली कितवी. आणि शेवटी वाट, म्हणजे ती कुठल्या बाजूनं जाते. आता ही वाचा. आलप्पुळा, पुन्नक्कडवू, भोंगा, दोन, पूर्व."

"म्हणजे आलप्पुळाहून पुन्नक्कडवूला जाणारी, भोंग्याची दुसरी लाइन, पूर्वेच्या वाटेनं."

"बघा, आली वाचता!"

रोसिलिन त्या बोटभर पट्टीकडे बघत राहिली. तिच्या स्वतःच्या नावाआधीही घराचं नाव होतं, बापाचं नाव होतं. परक्या गावात नुसतं नाव सांगितलं तरी म्हातारी माणसं कूळ ओळखायची. इथं कुणीतरी एका मुक्या तारेला तसंच कूळ दिलं होतं. नाव वाचलं की डोळ्यांपुढे वाट उभी राहत होती. शेतं, कालवे, आणि शेवटी समुद्र.

"कुणी बसवलं हे सगळं?"

"पणिक्करसारांनी. कंपनी सुरू झाली तेव्हा. आता सगळ्या किनाऱ्यावर कंपनी हीच पद्धत वापरते. नवीन पोरं यायची ना, तेव्हा सार डोळे मिटून उभे राहायचे. पोरांनी कुठल्याही तारेवर बोट ठेवायचं आणि तिची जागा सांगायची, की सारांनी नाव सांगायचं. कधी चुकले नाहीत."

"भोंग्याला दोन लाइनी कशाला?"

"एक तुटली तर दुसरी असावी म्हणून. एक पश्चिमेनं, किनाऱ्याच्या रस्त्यानं, चेंबकपालम पुलावरून जाते. दुसरी पूर्वेनं, भातशेतांतून. दोघींची मध्ये कुठंच गाठ पडत नाही." शाहिदा बोलता बोलता अडखळली. "निदान नाव तरी तसं सांगतं."

"निदान म्हणजे?"

"काही नाही हो. विषूच्या सणाच्या सुमारास एक गंमत झाली होती. नारळांचा ट्रक चेंबकपालमच्या कठड्यावर आदळला. त्याच क्षणाला इथं भोंग्याच्या लाइनीचा लाल दिवा लागला आणि विझला. पण एक नाही, दोन्ही लागले. एकदमच. सार कितीतरी वेळ त्या दिव्यांकडे बघत उभे होते. मुख्य कचेरीला फोनही केला त्यांनी. तिकडून कुणी तरी हसलं असावं. सारांनी फोन ठेवला आणि दिवसभर कुणाशी बोलले नाहीत."

पणिक्कर मात्र रोसिलिनपुढे बोलायला तयारच नव्हते. हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखे बसले होते.

"सार, शाहिदा म्हणते तुम्हाला सगळी नावं पाठ आहेत. मग पुन्हा लावून टाका की. संध्याकाळपर्यंत विषय संपेल."

"वय झालं, इन्स्पेक्टर. आता आठवत नाही."

"एकही नाही?"

"खात्रीनं एकही नाही. आणि आमचा नियम आहे. नाव नसलेल्या लाइनीबरोबर आधी माणसानं टोकापासून टोकापर्यंत चालत जायचं. वाटेतला प्रत्येक झाकणाचा खड्डा उघडायचा, तार डोळ्यांनी बघायची. मगच नाव लावायचं. कोच्चीहून माणसं निघालीयेत."

"हा नियम कुणी केला?"

पणिक्करांनी खिडकीबाहेर बघितलं. "मीच."

३

वर्कीचन आले ते पळमपोरीचा पुडा घेऊनच. तेलानं पारदर्शक झालेला कागद त्यांनी टेबलावर उलगडला. तळलेल्या केळ्यांचा वास थंड हॉलभर पसरला.

"खा, मोळे, खा पोरी. अप्पच्चनला, तुझ्या बापाला, मी चांगला ओळखतो. चर्चच्या नाटकात तो हेरोद राजा व्हायचा आणि मी शिपाई. काय आवाज होता त्याचा!"

"वर्कीचेट्टा, काल कुठे होतात?" थोरल्या भावाला हाक मारावी तसं रोसिलिननं विचारलं.

"सकाळी चर्चमध्ये कुर्बाना, दुपारी बदकाचं कालवण, मग झोप. बायकोला विचार. माझ्या घोरण्याची ती जन्माची साक्षीदार आहे." ते मोठ्यानं हसले, मग खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "हे बघ, झालं ते वाईट झालं. कुणा पोराटोराचा खोडसाळपणा असेल. पण त्यासाठी सगळ्या लाइनी चालत बघायच्या? या चिखलात? तारा मी टाकल्यात. कुठली कुठे जाते मला तोंडपाठ आहे. आज संध्याकाळपर्यंत माझी माणसं सगळी लेबलं लावून देतील. फुकटात! वादळ तोंडावर आलंय, अशा वेळी नियम काय कवटाळून बसायचे?"

बोलणं रास्त होतं. सुगुणननं तर मान डोलावून तिसरं केळं उचललं. रोसिलिन मात्र उत्तर देता देता थबकली. बाहेरच्या खोलीत फोन वाजला होता आणि तो पणिक्करांनी उचलला होता. दार अर्धवट उघडं होतं.

"हो, बोला... नाही, एटीएमची तुमची ती लाइन नव्हे. ती हरिप्पाडची पहिली. तुमची आलप्पुळा, चेर्तला, बँक, चार, उत्तर. तिसऱ्या घोड्यावर, खालून दुसऱ्या ओळीत. ती ठीक आहे, दिवा हिरवा आहे. तुमच्याकडचा डबा बंद करून पुन्हा चालू करा."

फोन ठेवल्याचा आवाज आला.

वर्कीचन बोलतच होते. रोसिलिनच्या कानात त्यातलं काही शिरत नव्हतं. नावं कुणाला नको होती, हे ती सकाळपासून शोधत होती. आता तिला वाटायला लागलं, प्रश्न उलटा धरायला हवा. नावं परत लागायची घाई कुणाला आहे? आणि ती लवकर लागू नयेत म्हणून कोण धडपडतंय?

ती उठली. "शाहिदा, तुझी हत्यारं घे. कोच्चीची माणसं येईपर्यंत आपण एका लाइनीबरोबर चालून येऊ."

"कुठल्या?"

"भोंगा, दोन, पूर्व."

वर्कीचनच्या हातातलं केळं तोंडापर्यंत पोचलंच नाही.

४

पूर्वेची वाट केंद्राच्या मागच्या बांधावरून निघत होती. दोन्हीकडे समुद्रापेक्षा खोलगट भातशेतं, मध्ये पाणी, पाण्यावर बदकांचे थवे. आकाश पितळेच्या जुन्या भांड्यासारखं काळपट दिसत होतं. वर्कीचनही बरोबर निघाले होते. निघताना ते हेरोदाच्या दुसऱ्या प्रवेशाबद्दल सांगत होते. पहिला खड्डा आला तेव्हा मात्र गप्प होते.

खड्ड्यावर सिमेंटचं झाकण, त्याला कुलूप.

"किल्ली?" रोसिलिननं हात पुढे केला.

"घरी राहिली, मोळे. उद्या आणतो. पाणी चढलंय, आत साप असतील."

"सुगुणन."

सुगुणननं जीपमधला लोखंडी पाना आणला. दोन घावांत कुलूप तुटलं. झाकण सरकवलं तसा कुजक्या पाण्याचा भपकारा आला. एक भलामोठा खेकडा नांगी उगारून वर आला आणि एवढी माणसं बघून पुन्हा तळाशी गेला.

शाहिदा गुडघ्यांवर बसली. खांद्यापर्यंत हात पाण्यात घालून तिनं चारी भिंती चाचपल्या. मग हात बाहेर काढला आणि नुसती बघत राहिली.

"शाहिदा?"

"तार नाही, मॅडम. आणि कधी नव्हतीच. पाइपाची टोपणंसुद्धा कारखान्यातून आली तशीच आहेत."

वारा पडला होता. बदकंही ओरडायची थांबली होती. ज्या लाइनीवर बंदर विसंबून होतं, तिच्या वाटेवर फक्त पाणी होतं आणि एक खेकडा. पण भोंगा तर दर महिन्याच्या तपासणीत वाजत होता. तिकडे केंद्रात दिवाही हिरवा होता. म्हणजे तार होती. फक्त तिच्या नावात लिहिलं होतं तिथं नव्हती.

"नारळांचा ट्रक," ती म्हणाली.

"काय?"

"दोन माणसं एकमेकांपासून लांब असतील तर ती एकाच ठेचेला अडखळतील का? दोन्ही लाइनी एकाच क्षणी अडखळल्या. चल, चेंबकपालमला."

पुलाच्या पोटाखाली गंजलेला लोखंडी पाइप लोंबत होता. कठड्याला जिथं ट्रक आदळला होता, तिथे पाइपाचा पट्टा निखळून पाण्याच्या दिशेनं झुकला होता. खाली नदी तांबडी होऊन फुगत चालली होती, आणि वरून जलपर्णीची बेटं वाहत येत होती. पाइपाच्या टोकातून काळ्या वेष्टनातल्या दोन तारा बाहेर आल्या होत्या. एकीला लागून एक.

शाहिदा सुगुणनचा हात धरून काठावर उतरली. तिनं केंद्रात फोन केला. "सार, दिव्यांच्या फळीवरून भोंगा एक वर सूर सोडा." वेष्टन अलगद सोलून तिनं आतल्या तारेला छोटा चिमटा लावला. चिमट्यातून बारीक सूर आला, रातकिड्यासारखा.

"आता तो बंद करा. भोंगा दोन वर सोडा, सार."

तिनं चिमटा दुसऱ्या तारेवर नेला. क्षणभर नुसता नदीचा आवाज. मग पुन्हा तोच सूर.

फोनमध्ये पणिक्करांनी तो ऐकला असणार. कारण तिकडून एक लांब सुस्कारा आला, आणि नंतर अगदी हळू आवाजात एकच शब्द. "मिळाली."

रोसिलिननं वळून बघितलं. वर्कीचन पुलाच्या कठड्यावर मटकन बसले होते.

"चेट्टा, खणलीत एकच वाट," ती म्हणाली. "नावं मात्र दोन लावलीत."

"मोळे, कागदावर सगळं पास झालंय..."

"कागद बुडत नाही. होड्या बुडतात."

५

केंद्रात परतल्यावर रोसिलिननं पणिक्करांच्या खोलीचं दार लावून घेतलं. शाहिदाला तिनं थांबवून घेतलं. ते ऐकायचा तिचा हक्क होता.

"सार, मी सांगते. चुकलं तर थांबवा. ज्यानं पट्ट्या काढल्या त्याला तारा दुखवायच्या नव्हत्या. गोंद राहिला तर धूळ बसेल म्हणून त्यानं तो पुसलाही. नुकसान करायला आलेला माणूस असं करत नाही. शाहिदाला हे जमलं नसतं, असं ती स्वतःच म्हणते. वर्कीचेट्टांचा हात कुदळीचा. आणि त्यांना तर नावं जागच्या जागी हवी होती. त्यांचं पाप त्या नावांखाली झाकलेलं होतं. राहिलात तुम्ही."

पणिक्करांनी शर्टाचं वरचं बटण सोडलं.

"तुम्ही म्हणालात, आठवत नाही. आणि बँकेच्या लाइनीचं अख्खं नाव जागेसकट फोनवर सांगितलंत. तुम्हाला सगळं आठवतं. एखादी लाइन बंद पडली असती तर तुम्ही डोळे मिटून ती शोधून दिली असतीत, म्हणूनच तर हे धाडस केलंत. मग खोटं का बोललात? कारण तुम्ही नावं सांगितली असती तर ती तशीच्या तशी परत लागली असती. तुम्हाला ती लागायला नको होती. तुम्हाला माणसं चालायला हवी होती."

शाहिदानं तोंडावर हात ठेवला. "सार! तुम्ही?"

पणिक्करांनी चष्मा काढला. त्याशिवाय ते एकदम म्हातारे दिसले.

"ट्रक आदळला त्या दिवशी मला कळलं," ते म्हणाले. "कुठंतरी दोघी एका वाटेवर आहेत. पण नक्की कुठं, ते इथे बसून कसं कळणार? खड्ड्यांच्या किल्ल्या वर्कीकडे. मी मुख्य कचेरीला तीनदा सांगितलं, खड्डे उघडून बघू द्या. ते म्हणाले, 'पणिक्कर, लेबलवर पूर्व लिहिलंय ना? मग पूर्वच.'" "माझीच पद्धत मला दाखवत होते हो. मी नावं दिली ती माणसाला लाइन दिसावी म्हणून. झालं उलटंच. नाव मिळालं म्हणून लाइनीकडे बघायचंच सगळ्यांनी सोडून दिलं. मीसुद्धा."

"मग फक्त त्या दोन पट्ट्या काढायच्या."

"एक नाव खोटं निघालं, इन्स्पेक्टर. मग बाकीच्यांचं काय? हॉस्पिटलची? रेल्वेची? कुणाच्या तोंडाकडे बघून म्हणू की ही खरी आहे? नाव नसलेल्या लाइनीबरोबर चालायलाच लागतं, हा एकच नियम उरला होता ज्याला मुख्य कचेरी नाही म्हणू शकत नव्हती. म्हणून रविवारी आलो. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत काढत होतो. प्रत्येक नाव काढताना एकदा वाचलं." ते जरासे हसले. "पट्ट्या घरी आहेत. पोत्यात. टाकवल्या नाहीत."

रोसिलिननं पैशासाठी, दारूसाठी, सुडासाठी केलेले गुन्हे बघितले होते. पण स्वतः उभ्या आयुष्यात रचलेलं काम कुणी एवढ्या हळुवार हातानं मोडावं, का, तर समुद्रावरची अनोळखी माणसं घरी परतावीत म्हणून, असं काही तिच्या समोर कधी आलं नव्हतं. देवळाच्या गाभाऱ्यापुढे किंवा चर्चच्या वेदीपुढे उभं राहावं तसं तिला वाटत होतं, आणि त्याच वेळी हेही ठाऊक होतं की समोर बसलेला माणूस कायद्यानं आरोपी आहे.

"अटक करणार?" पणिक्करांनी विचारलं.

"करणार. गुन्हा तो गुन्हाच, सार. पण आधी सांगा, पूर्वेच्या वाटेनं खरी तार टाकायची तर किती वेळ लागेल?"

पणिक्करांनी चष्मा परत लावला. "खणायला वेळच नाही. होड्यांतून सोडत न्यावी लागेल. बांधावरच्या माडांना बांधत बांधत."

"मग उठा."

६

कोच्चीची माणसं आली, कलेक्टरनं होडीवाले दिले. बुधवारी दुपारपर्यंत एक काळी तार माडामाडांना टांगत, भातशेतांवरून, बदकांच्या खुराड्यांवरून पुन्नक्कडवूपर्यंत गेली. पणिक्कर पहिल्या होडीत उभे होते, सुगुणन त्यांच्यावर छत्री धरून. तोच आरोपीवर नजर ठेवणारा पोलीस, आणि तार सोडायलाही तोच लागत होता.

चेंबकपालमची नदी त्याच दुपारी चढली. वरून उन्मळून आलेला एक माड जलपर्णीच्या बेटासकट पुलाखाली शिरला आणि तो गंजका पाइप काडीसारखा मोडून घेऊन गेला. केंद्रात शाहिदानं दिव्यांच्या फळीकडे बघितलं. भोंगा एक: लाल. त्याच्या शेजारी भोंगा दोन: हिरवा.

घटकाभरानं तिरुवनंतपुरमहून इशारा आला. शाहिदानं बटण दाबलं.

रोसिलिन त्या वेळी बंदरावर उभी होती. समुद्र शिशाच्या रंगाचा झाला होता. बायका टोपल्या घेऊन होड्यांची वाट बघत होत्या. काही होड्या निघायच्या तयारीत होत्या, काही किनाऱ्याच्या पलीकडेच जाळी ओढत होत्या. आणि भोंगा वाजला. एवढा मोठा की वाळूतले कावळे उडाले. निघणाऱ्या होड्यांनी इंजिनं बंद केली. पाण्यातल्या होड्या एकेक करून वळल्या. माडांच्या गळ्यातून, शेतांवरून, एका काळ्या तारेतून तो आवाज इथवर आला होता, आणि आसपास उभ्या माणसांत तो कुठल्या वाटेनं आला ते एकट्या रोसिलिनला ठाऊक होतं. तिनं नकळत कपाळावर क्रूस काढला.

पहिली लाट धक्क्यावर फुटली तेव्हा एकही होडी पाण्यात नव्हती.

वर्कीचनवर खटला उभा राहिला. चालत गेलेल्या माणसांना आणखी काही खोटी नावं सापडली. त्यातली एक हॉस्पिटलची होती. पणिक्करांवरही गुन्हा नोंदवला गेला, तो रोसिलिननं स्वतः नोंदवला, आणि त्यांनी तो का केला तेही त्यात अक्षरन् अक्षर लिहिलं. कंपनीनं त्यांना निलंबित केलं. त्यांना जामीन मिळाला.

पुढे महिन्याभरानं रोसिलिन एका बांधावरून जीपनं चालली होती. समोरच्या खड्ड्याभोवती माणसं जमलेली दिसली. शाहिदा गुडघ्यांवर होती, आणि शेजारी, मुंडू दुमडून चिखलात उभे, पणिक्कर. पगार नाही, हुद्दा नाही. पण लाइनींबरोबर चालणं त्यांनी सोडलं नव्हतं.

"नाव सांगा ना, सार," एक तंत्रज्ञ म्हणत होता. "तुम्हाला तर पाठ आहे."

"आधी ऐकू दे."

"इंजिन बंद कर," रोसिलिन सुगुणनला म्हणाली.

जीप थांबली. शेतावर वारा होता, लांब कुठेतरी होडीवाला कुणाला तरी हाक मारत होता. मग खड्ड्यातून तो बारीक सूर आला. पणिक्करांनी डोळे मिटून तो नीट ऐकला. डोळे उघडून त्यांनी खाली वाकून तारेकडे बघितलं. मगच सरळ उभं राहत, खणखणीत आवाजात त्यांनी तिचं नाव उच्चारलं, कूळ, मुक्काम आणि वाटेसकट.

शाहिदानं पट्टी चिकटवली आणि अंगठ्यानं दाबून घट्ट केली.

मग सगळे उठले आणि बांधावरून पुढच्या खड्ड्याकडे चालायला लागले.